उजव्या खांद्यावरची थाप

यंत्र हँडलवर बसवून, स्क्रू आवळून, वरची धूळ फडक्याने पुसून झाल्यावर नवऱ्याने तिला हाक मारली. "अगं, खाली ये जरा. गंमत दाखवतो."

ती नुकतीच कामावरून आली होती. दातांच्या प्रयोगशाळेत कवळ्या आणि दातांवरच्या टोप्या बनवायचं तिचं काम. दिवसभर भिंगाखाली मान घालून बसल्यामुळे डोळे चुरचुरत होते. तिने चपला पायात सरकवल्या आणि ती तळघरात गेली. गाड्यांच्या रांगेत त्यांची मोटारसायकल उभी होती, आणि हँडलच्या मधोमध तळहाताएवढी काळी पाटी चमकत होती.

"जीपीएस," नवरा म्हणाला. तो लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. कुठलंही यंत्र दाखवताना तो असा उभा राही, जणू ते त्यानेच जन्माला घातलंय. "खास मोटारसायकलवाल्यांसाठीचं. भिजलं तरी चालतं, हातमोज्यातलं बोटसुद्धा ओळखतं, भर उन्हात दिसतं. आणि हे बघ." त्याने हेल्मेट पुढे केलं. आत कानाच्या जागी बटणाएवढा स्पीकर चिकटवला होता. "वळण आलं की कानात सांगतं. आता तुला मागे बसून त्या नकाशाच्या घड्या घालायला नकोत. आरामात बस. डोंगर बघ."

"कधी घेतलंत?"

"परवा."

"मला विचारलं नाहीत."

"त्यात विचारायचं काय? तुझाच त्रास वाचवला."

त्याने बटण दाबलं. यंत्रातून एका बाईचा गोड, शांत आवाज आला: पुढे जाऊन उजवीकडे वळा.

"ही कोण?"

"अगं, यंत्र आहे ते."

"आवाज बाईचाच आहे ना? इतकी वर्षं मला कानात बोलू दिलं नाहीत. गाडी चालवताना डोक्यात एकच आवाज हवा, इंजिनाचा, असं म्हणत होतात. माझ्यासाठी साधा माइक लावायला तयार नव्हतात. आणि ही चालते?"

नवरा हसला. हसून त्याने यंत्रावर फडकं फिरवलं, पुन्हा. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जिना चढून ती वर आली आणि भांडी एवढ्या जोराने घासली की एका पातेल्याचा कान निघाला.

रागाला कारण होतं, आणि ते परवाचं नव्हतं.

मोटारसायकलींच्या त्यांच्या क्लबात तिला सगळे नकाशावाली म्हणत. लेक शाळेत जायला लागली तेव्हापासून नवरा-बायको दर सुट्टीत गाडीवरून लांबच्या फेरीला जायचे. तो पुढे, ती मागे. मांडीवर प्लॅस्टिकच्या पाकिटात नकाशा. डावीकडे वळायचं असलं की डाव्या खांद्यावर दोन बोटांची थाप, उजवीकडे असलं की उजव्या. थांबायचं असलं की पाठीवर सपाट हात. बोलायची गरजच नव्हती. पुढेपुढे क्लबातल्या सगळ्या फेऱ्यांचे रस्ते तीच आखू लागली. कुठे पेट्रोल मिळेल, कुठला घाट सकाळीच उतरलेला बरा, कुठे रस्ता छान पण कुत्री फार, हे तिला तोंडपाठ असे. त्यांची गाडी सगळ्यांच्या पुढे असायची आणि बाकीचे मागून यायचे.

मागच्या वर्षी मात्र घोटाळा झाला. एका फाट्यावर उजवीकडे वळायचं होतं. तिने थाप मारली. गाडी सरळ गेली. तिने पुन्हा मारली. गाडी तशीच. पाठीवर हात मारीपर्यंत मागची सगळी मंडळी त्यांच्या मागोमाग निघाली होती, आणि ती वाट गेली थेट नदीवर, जिथली फेरीबोट केव्हाच बंद झाली होती. परत फिरताना खडीवर काकांची गाडी घसरली. काका म्हणजे क्लबातले सगळ्यांत ज्येष्ठ. त्यांचा घोटा मोडला.

मुक्कामाच्या ठिकाणी सगळे जेवायला बसले तेव्हा कॅप्टनने विचारलं, "झालं काय नेमकं?" कॅप्टन म्हणजे क्लबाचा म्होरक्या, टायरचं दुकान त्याचं, आणि दुकानावरच्या खोलीत क्लब.

नवरा ताटातून मान वर न करता म्हणाला, "हिने सांगितलंच नाही. डुलकी लागली असेल."

सगळे हसले. तीसुद्धा हसली, कारण तिला दुसरं काय करावं ते सुचलं नाही. आपण थाप मारली याची तिला खात्री होती. पण घरी आल्यावर ती खात्री रोज थोडीथोडी झिजत गेली. भिंगाखाली टोपी घासताना ती स्वतःच्या बोटांकडे बघायची. बोटांत जोर उरला नाही की काय? की खरंच डोळा लागला होता? काका कुबड्या घेऊन क्लबात येत आणि तिच्याशी तुटक बोलत. शेवटी कॅप्टनने जाहीर केलं की यापुढे कागद बंद. सगळे रस्ते तो सॉफ्टवेअरवर आखेल, प्रत्येकाने आपापलं यंत्र घ्यावं. नकाशावालीचा सत्कार झाला. तिचाच एक जुना नकाशा चौकटीत बसवून तिला भेट दिला. "जिवंतपणीच भिंतीवर टांगलं मला," ती लेकीला फोनवर म्हणाली होती.

आणि आता हे यंत्र. न विचारता, दुकानातून घरी.

फेरीचा दिवस उजाडला. यंत्र चुकावं अशी तिची फार इच्छा होती. ते चुकलं नाही. शहराबाहेरच्या उड्डाणपुलांच्या गुंत्यातून त्याने गाडी अलगद बाहेर काढली. एका गावात रस्ता खणलेला होता, तर क्षणात दुसरी वाट दाखवली. ती मागे बसून कानावर काहीच न पडता नुसती झुलत होती. मांडीवर काही नाही, हाताला काही काम नाही. डोंगर बघ म्हणाला होता, तर थोडा वेळ तिने डोंगर बघितले. मग तिचं लक्ष नवऱ्याच्या हाताकडे गेलं.

इतक्या वर्षांत ती त्याच्या पाठीमागे बसून नकाशाच बघत आली होती. त्याचा हात असा कधी बघितलाच नव्हता. सरळ रस्ता आला की तो उजवा हात हँडलवरून काढायचा आणि पाणी झटकल्यासारखा झटकायचा. पुन्हा थोड्या वेळाने तेच. वळणावर गाडी गचके खात होती. पुढच्या ब्रेकला हात घालायच्या आधी त्याची बोटं चाचपडत होती, जशी अंधारात दिव्याचं बटण शोधतात तशी. उतारावर तर तो पुढचा ब्रेक दाबतच नव्हता, नुसता पायाने मागचा.

चहाला थांबले तेव्हा त्याने हेल्मेटचा पट्टा डाव्या हाताने सोडवला. कप डाव्या हाताने उचलला. तो डावखुरा नव्हता.

तिने आपला चहा तसाच ठेवला.

पुढे पेट्रोल पंप आला. सगळ्या गाड्या रांगेत लागल्या. नवरा कॅप्टनपाशी उभा राहून यंत्राचं कौतुक करत होता. ती त्याच्या मागे जाऊन उभी राहिली आणि तिने उजव्या खांद्यावर दोन बोटांनी थाप मारली. नेहमीची थाप, नेहमीच्या जागी.

तो बोलतच राहिला.

तिने पुन्हा मारली. जोरात. कॅप्टनने तिच्याकडे पाहिलं. नवऱ्याने पाहिलं नाही. तिने जाकिटाची कॉलर मागून ओढून सैल केली, आत हात घातला आणि उजव्या दंडाला चांगला चिमटा घेतला. एरवी माणूस किंचाळला असता असा चिमटा. नवरा म्हणत होता, "बॅटरी तर दिवसभर हलत नाही..."

मग तिने डाव्या खांद्यावर हळूच एक बोट ठेवलं. तो लगेच वळला. "काय गं?"

"हात कधीपासून असा आहे?"

"कसा?"

"तो उजवा. मेल्यासारखा."

त्याच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, पण त्याखालचा रंग उतरला. "हळू बोल," तो म्हणाला.

"हळू? कधीपासून?"

"अगं, मुंग्या येतात जरा. मान आखडते. वय झालं की—"

"कधीपासून, ते विचारते आहे."

पंपावरच्या माणसाने नळी तशीच हातात धरली होती. सगळे बघत होते. नवऱ्याने मान खाली घातली. "झालं असेल दीडेक वर्ष."

दीड वर्ष. तिच्या डोक्यात तो फाटा आला, ती नदी, काकांचा घोटा, ते जेवणाचं टेबल.

"म्हणजे त्या फाट्यावर मी थाप मारली होती," ती म्हणाली.

तो हँडलवरच्या यंत्राकडे बघू लागला.

"मारली होती की नाही?"

"मारली असशील. मला कळली नाही."

"आणि हे तुला तेव्हाच माहीत होतं."

लग्नापासून ती त्याला अहो-जाहो करत आली होती. तो 'तू' तोंडातून असा निघाला की पंपावरच्या गर्दीत तिच्या स्वतःच्याच कानाला तो परका वाटला. पण परत घ्यावासा वाटला नाही.

"माहीत होतं," नवरा म्हणाला.

"तरी म्हणालास, डुलकी लागली असेल."

"तेव्हा तोंडातून गेलं गं. सगळे विचारत होते. हाताचं सांगितलं असतं तर गाडी सुटली असती माझी. तू काढून घेतली असतीस, लेकीने घेतली असती, डॉक्टरने घेतली असती. मला वाटलं, जाईल हळूहळू. आणि पुन्हा तसं होऊ नये म्हणून तर यंत्र घेतलं ना! तुझ्याच जिवासाठी घेतलं."

"वळण चुकू नये म्हणून यंत्र घेतलंस," ती म्हणाली. तिचा आवाज आता पंपाच्या पलीकडच्या रस्त्यापर्यंत जात होता. "आणि ब्रेक कुठल्या हाताने दाबणार होतास? त्या बाईच्या? मी मागे बसले होते. आज सकाळपासून, त्या घाटात, त्या ट्रकांच्या मधून, मी तुझ्या मागे बसले होते! डोंगर बघत!"

कॅप्टन मध्ये पडला. "वहिनी, शांत व्हा. घरी गेल्यावर बोला ना."

"तुम्ही गप्प बसा. सत्कार केलात ना माझा? झालं तुमचं काम."

तिने पुढे होऊन गाडीची किल्ली काढली आणि जाकिटाच्या आतल्या खिशात टाकली. नवरा म्हणाला, मुक्कामापर्यंत तरी जाऊ दे, उरलंय किती. ती म्हणाली, चालत जा. क्लबाच्या सामानाचा टेम्पो मागून येत होता. तिने तो रस्त्यात उभी राहून थांबवला आणि आधी आपल्या घरी सोडायला सांगितलं. गाडी दोरांनी बांधून वर चढवली आणि दोघं पुढे ड्रायव्हरशेजारी बसले. वाटभर ती बोलत होती. वर्षभराचं सगळं बाहेर पडत होतं: कुबड्या, सत्कार, भिंतीवरचा नकाशा, भिंगाखालची बोटं. टेम्पोवाल्याने आधी खिडकी उघडली, मग रेडिओ लावला, मग रेडिओ मोठा केला. नवरा समोरच्या काचेकडे बघत राहिला. दातओठ खायला तिच्याकडे दातांचा तोटा नव्हता, आणि त्या दिवशी तिने ते मनसोक्त खाल्ले.

डॉक्टर म्हणाले, मानेतली नस दाबली गेलीय. औषध, व्यायाम, आणि फरक नाही पडला तर ऑपरेशन. दुचाकीला हात लावायचा नाही. आणखी उशीर केला असता तर हातातली ताकद कायमची गेली असती. हे ऐकून तिला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून पुन्हा राग आला.

नणंद भेटायला आली. नणंदेने सगळं ऐकून घेतलं आणि सुस्कारा टाकला. "पुरुष असेच गं. लहानपणी ताप आला तरी सांगायचा नाही तो. जाऊ दे, पोटात घाल."

"पोटात जागा नाही," ती म्हणाली. "तुमच्याकडे असेल तर तुम्ही घाला."

नवऱ्याने माफी मागितली. स्वयंपाकघरात, ती कणीक मळत असताना, दारात उभं राहून. चुकलं म्हणाला. त्याचे डोळे ओले होते, ते तिला दिसले.

"मला एकटीला काय सांगतोस?" ती म्हणाली. "चारचौघांत माझ्यावर खापर फोडलंस, ते चारचौघांत परत घे."

"ते कशाला आता? पंपावर सगळ्यांनी ऐकलंच की."

"पंपावर मी ओरडले, ते ऐकलं. तू काय बोललास? आणि काका त्या दिवशी नव्हते."

तो विषय त्याने टाळला. मग तिनेही त्याच्याशी बोलणं टाळलं. जेवण वाढायची, औषध पुढे ठेवायची, मान शेकायची पिशवी गरम करून द्यायची, पण शब्द नाही. घर असं झालं, जसं दोन भाडेकरूंनी एकच खोली घ्यावी.

या दरम्यान कॅप्टन घरी आला. हातात त्याचं यंत्र, चेहरा पडलेला. त्या दिवशी हे दोघं टेम्पोतून परतल्यावर पुढे काय झालं, ते त्याने सांगितलं. त्याने संगणकावर सुंदर रस्ता आखला होता, वळणावळणाचा, तळ्याच्या काठाने. फाइल सगळ्यांना पाठवली होती. पण प्रत्येकाच्या यंत्राने आपल्याच मनाने वाट काढली. कुणाचं यंत्र त्याला हमरस्त्याने घेऊन गेलं, कुणाचं जंगलातल्या कच्च्या वाटेला लागलं, एकाचं तर त्याला एका खाणीच्या फाटकापर्यंत घेऊन गेलं आणि म्हणालं, तुम्ही पोहोचलात. संध्याकाळी क्लब तीन गावांत विखुरलेला.

"यंत्रं खराब आहेत," कॅप्टन म्हणाला.

"यंत्रं चांगली आहेत," ती म्हणाली. "तुम्ही त्यांना काय पाठवलंत, ते तुम्हाला माहीत नाही."

कारण एव्हाना तिला माहीत झालं होतं. नवऱ्याशी अबोला धरला होता, पण हाताला चाळा हवा होता. जेवणाच्या सुट्टीत ती प्रयोगशाळेच्या संगणकावर रस्ते आखायची सॉफ्टवेअरं उघडून बसायची. एक घ्यायची, वापरायची, शिव्या घालायची, दुसरं घ्यायची. रविवारी नवऱ्याच्या हँडलवरचं यंत्र काढून घरच्या मोटारीत लावायची आणि एकटीच फिरून यायची, आखलेला रस्ता आणि दाखवलेला रस्ता जुळतो का ते बघायला. त्यात तिची स्वतःचीही फजिती झाली. एका ओढ्यावर ती यंत्राशी वाद घालून आपल्या लाडक्या नकाशाप्रमाणे गेली, तर पूलच नव्हता. नवा पूल वरच्या अंगाला झाला होता आणि यंत्राला तो ठाऊक होता. त्या दिवशी तिने नकाशा मागच्या सीटवर फेकला आणि घरी येईपर्यंत कुणावर चिडावं ते तिला ठरवता येईना.

"मग वहिनी, तुम्हीच आखा ना पुढची फेरी," कॅप्टन म्हणाला. "सॉफ्टवेअरसुद्धा तुम्हीच निवडा. सगळे तेच घेतील."

"नाही."

"अहो, पण—"

"माझ्या बोलण्यावर पूर्वीही गाड्या वळायच्या. एक माणूस खोटं बोलला आणि तुमच्यातल्या एकानेही मला विचारलं नाही, की बाई, तू थाप मारली होतीस का? एकानेही नाही. पुन्हा कशाला त्या भानगडीत पडू?"

आतल्या खोलीत नवरा रबरी चेंडू दाबत बसला होता. हाताचा व्यायाम. चेंडूचा आवाज थांबला. तो बाहेर आला आणि कॅप्टनला म्हणाला, "बैठक बोलव. काकांनाही बोलव."

टायरच्या दुकानावरची खोली भरली. खिडकीतून रबराचा वास येत होता. काका काठी टेकवून पुढच्या खुर्चीत बसले होते. नवरा उभा राहिला, घसा खाकरला.

"तर झालं असं," तो म्हणाला, "की आमच्या दोघांत जरा संपर्क तुटला. नवरा-बायकोत तुटतो तसा—"

दोनचार जण हसले. ती मागच्या बाकावरून उठली. "विनोद नको. मागच्या वेळी विनोदच केला होतास. सरळ सांग."

हसू विझलं. नवऱ्याने डाव्या हाताने उजवा दंड धरला आणि त्याने सांगितलं. हात बधिर होता. त्याला ठाऊक होतं. तिने थाप मारली होती, त्याला कळली नव्हती, आणि हे त्याला त्याच रात्री जेवणाच्या टेबलावर समजलं होतं. तरी तो खोटं बोलला. गाडी जाईल या भीतीने बोलला. त्यानंतर वर्षभर तिला मागे बसवून तसाच गाडी चालवत राहिला. एवढं बोलून तो उभाच राहिला, बसावं की नाही हे न कळल्यासारखा.

काका काठीवर भार देऊन उठले. "घोट्याचं सोड," ते म्हणाले. "हाड आहे, जुळलं. पण वर्षभर मी या पोरीशी धड बोललो नाही. ते कुणी जुळवायचं?" आणि ते काठी वाजवत जिना उतरून गेले. कॅप्टनने खिडकीतून हाका मारल्या. त्यांनी वर पाहिलं नाही.

तिला वाटलं होतं, हे ऐकलं की आपल्याला बरं वाटेल. थोडं वाटलं. फार नाही. पण आता पुढे जाऊन फळ्यापाशी उभं राहायला हरकत नव्हती, म्हणून ती राहिली.

"ऐका," ती म्हणाली. "एकदाच सांगेन. तुमचा रस्ता म्हणजे नुसते ठिपके असतात. दोन ठिपक्यांच्या मधली वाट तुमचं यंत्र आपल्या अकलेने काढतं. तुमच्या यंत्राला लवकर पोहोचायचं असेल तर ते हमरस्ता धरतं, याच्या यंत्राला अंतर वाचवायचं असेल तर कच्ची वाट. म्हणून यापुढे ठिपके नाहीत, आखलेली रेघ पाठवायची. रेघेला यंत्र हात लावत नाही. आणि वाट चुकली की आपोआप नवी वाट शोधायचं जे बटण आहे, ते सगळ्यांनी बंद करायचं. चुकलात तर थांबा, मागे फिरा, रेघेवर या."

"मी घेतलेलं सॉफ्टवेअर फार छान आहे, त्यात वळणांचे रस्ते वेगळ्या रंगात दिसतात," कॅप्टन म्हणाला.

"रंग छान आहेत. पण घाटात नेटवर्क गेलं की पांढरा पडदा. मी दोनदा अडकले. मी सांगते ते दिसायला गबाळं आहे, पण नकाशा आधीच यंत्रात उतरवून घेता येतो आणि रेघ कुठल्याही यंत्रात जाते. नवं यंत्र घ्यायची गरज नाही. ज्यांच्याकडे फक्त फोन आहे त्यांनी तो हँडलला घट्ट बांधू नये, इंजिनाच्या थरथरीने फोनचा कॅमेरा बिघडतो. मध्ये रबर घाला." ती थांबली. "आणि शेवटचं. ज्याला कुणाला कमी दिसतं, कमी ऐकू येतं, हाताला मुंग्या येतात, त्याने आत्ता सांगायचं. यंत्राच्या मागे लपायचं नाही. तुमच्या मागे कुणीतरी बसलेलं असतं."

खोलीत खुर्च्या करकरल्या. मग भिंतीला टेकून बसलेला एक जण, अंगाने पहिलवान, म्हणाला, "मला डाव्या कानाने येत नाही ऐकू. हॉर्न कळत नाही." त्याची बायको शेजारीच होती. ती त्याच्याकडे वळली आणि तिच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते नकाशावालीने चटकन ओळखलं.

पुढची फेरी तिने आखली. ती स्वतः सामानाचा टेम्पो चालवत मागून गेली, शेजारी नवरा, त्याच्या हातात चेंडू. पुढे सगळ्या गाड्या एका रेघेत धावत होत्या. कुणी चुकलं नाही असं नाही, एक जोडपं चुकलं, पण थांबलं, फिरलं, परत आलं. काका आले होते. नवऱ्याशी ते बोलले नाहीत. तिच्याशी बोलले, मुद्दाम थोडं जास्तच.

मुक्कामी पोहोचल्यावर सामान उतरवताना नवऱ्याने एक पिशवी उजव्या हाताने उचलून दाखवली. हलकीच होती, पण उचलली. ती बघत होती हे त्याला दिसलं.

"डॉक्टर म्हणतात, पुढच्या वर्षी कदाचित चालवता येईल," तो म्हणाला. "बसशील मागे?"

तिने दोरांची गाठ सोडली, दोर कोपरावर गुंडाळला. ऊन उतरत होतं, अंगणात हेल्मेटं रांगेने ठेवलेली होती, आणि पहिलवान व त्याची बायको पलीकडे हळू आवाजात भांडत होते.

"हात बरा झाला की नाही ते डॉक्टर सांगतील," ती म्हणाली. "मी बसायचं की नाही ते मी सांगेन. आणि आज सांगत नाही."

"राग गेला नाही ना अजून?"

"नाही," ती म्हणाली. "ती जड पेटी राहू दे, मी घेते. तू त्या दोन पिशव्या आण. डाव्या हाताने."